गाठीचं तोंड

१

केन्साकु जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, तरी इसोएचा त्याच्यावरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. रोज सकाळी ती पितरांच्या देव्हाऱ्यात त्याच्या फोटोपुढे पहिला चहा ठेवायची. तोही असा आपटून, की निम्मा खाली सांडावा.

"घ्या," ती म्हणायची. "गार व्हायच्या आत घ्या. मग मला नावं ठेवू नका."

नंतर रबरी बूट चढवून, बांबूचा झाडू घेऊन ती मागच्या बागेत उतरायची. घर बिवा सरोवराच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. केन्साकुने चाळीस वर्षं लोकांच्या बागा केल्या. देवळांच्या, खानावळींच्या, दातांच्या डॉक्टरांच्या. स्वतःच्या घरामागे मात्र फुटक्या कुंड्या, बांबूचे भारे आणि "पुढच्या वर्षी बघू" एवढंच पीक. साठी उलटल्यावर त्याला जाग आली. त्याने कागदावर बाग आखली, पाण्याच्या दगडी कुंडाशी झुकलेला लाल मेपल लावला, कुंपणाशी सरळ वाढणारा दुसरा, आणि ओटीपासून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत पाऊलवाटेचे नऊ सपाट दगड बसवले. मग जुलैतल्या एका दुपारी ओटीवर बसल्या बसल्या, हातातली कलिंगडाची फोड अर्धी टाकून, तो मरून गेला.

उरलेलं सगळं तिने एकटीने केलं. मेपलखाली नेचे लावले, वाटेच्या दोन्ही बाजूंना झुलणारं बारीक गवत, सावलीत शेवाळ, कडेला चकचकीत पानांची पिवळी फुलझाडं. आणि मागच्या कोपऱ्यात तिसरा मेपल. आराखड्यात त्या कोपऱ्यावर केन्साकुच्या अक्षरात लिहिलं होतं, "इथे काही नको." म्हणून तर तिने तो तिथेच लावला. अगदी मुद्दाम.

हे सगळं चिहारुसाठी. लेक पहिलटकरीण, रीतीप्रमाणे माहेरी आली होती. बागेकडे उघडणारी मोठी खोली तिला दिली होती, आणि दिवस भरायला अकरा दिवस उरले होते. पोरीला पडल्या पडल्या लाल मेपल दिसावा, बाळाने डोळे उघडावेत ते बागेत, एवढीच इसोएची इच्छा होती.

त्या सकाळी ती वाट झाडत गेली आणि आठव्या दगडापाशी थबकली. दगडावर नारळाएवढा एक गोल दगड ठेवलेला होता. त्याला काळ्या काथ्याच्या दोरीचे आडवे-उभे वेढे, आणि वर गाठ.

याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. इथून पुढे येऊ नये. पाटी नको, कुंपण नको. असा दगड दिसला की पाहुणा मुकाट्याने मागे फिरतो.

"माझ्याच बागेत मलाच?" इसोए म्हणाली. तिने दगड उचलला, कोठीत नेऊन टाकला आणि पुढची वाट झाडून काढली.

२

तिने इनोमाताला फोन लावला. इनोमाता म्हणजे केन्साकुबरोबर वीस वर्षं काम केलेला जोडीदार, ट्रकवाला.

"इनोमाता-सान, चेष्टा करायला दुसरं कोणी मिळालं नाही का तुम्हाला?"

"मी काय केलं, वहिनी?"

"काल मुळा द्यायला आलात तेव्हा तो बांधलेला दगड कोणी ठेवला? मी?"

"मुळा दिला आणि पुढच्या दारातूनच परत गेलो की. आणि गाठ कसली आहे त्याला?"

तिने सांगितलं. चार पदरांची, वर धरायला कडी, पुढे दोन टोकं कापून उभी ठेवलेली.

"ती मला येत नाही, वहिनी. कोणालाच येत नाही. केन्साकु-साननी ती कुणाला शिकवलीय?"

हे मात्र खरं होतं. अडतीस वर्षं काथ्या पाण्यात भिजत घालायचं काम इसोएचं. कोरडी दोरी हातात चावते, भिजली की मऊ होते आणि वाळताना आवळते. भिजवायची तिने, बांधायची त्याने. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने एकदा म्हटलं होतं, मला शिकवा ना ती गाठ.

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

झालं. अडतीस वर्षं तिने याच तीन शब्दांवर काढली. गाडी शिकू का? नको. चिहारुला तोक्योला पाठवू या? नको. का म्हणून विचारलं की, नको म्हटलं ना. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी दारू पिऊन आला नाही. पण कारण सांगायचं म्हणजे जणू त्याच्या जिवावर यायचं.

ती कोठीत गेली आणि दगड पुन्हा पाहिला. गाठ त्याचीच वाटत होती. पण ठेवणाऱ्याची एक चूक तिच्या ध्यानात आली. केन्साकु म्हणायचा, ज्याला अडवायचं त्याच्याकडे गाठीचं तोंड. ती दोन उभी टोकं येणाऱ्या पाहुण्याला समोर दिसली पाहिजेत. इथे तर सकाळी ती घराकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या मेपलकडे तोंड करून होती.

"नक्कल करणाऱ्याला एवढीही अक्कल नाही," ती पुटपुटली. तिला बरंच हायसं वाटलं. चूक माणसं करतात.

३

कोपऱ्यातल्या त्या मेपलचंही एक भांडण होतं.

डोंगरात वरच्या अंगाला एक वाडी आहे. माणसं कधीच खाली उतरली, घरं तेवढी उरली. तिथल्या एका घरामागे केन्साकुला हा मेपल सापडला. खोड मांडीएवढं, फांद्यांचा पसारा असा की कोणाही बागवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मालकाने ओसाकाहून फोनवर सांगितलं, न्या खुशाल. केन्साकु त्या दिवशी लहान पोरासारखा हसत होता. "आपल्या दारात आणायचा," म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाही."

मोठं झाड असं उपटून आणता येत नाही. आधी भोवती चर खणून जाड मुळं तोडायची, मातीचा गोळा पेंढ्याच्या दोरीने बांधायचा आणि परत बुजवायचा. वर्ष-दीड वर्षात पेंढा कुजतो, बारीक मुळं बाहेर फुटतात, मग झाड नव्या जागी धरतं. केन्साकु एकटाच गेला ते करायला. संध्याकाळी परत आला आणि मोरीत हात धूत बसला. वीस मिनिटं नळ चालू. जेवला नाही.

"ते झाड नको," म्हणाला.

"मुळं बांधून आलात ना?"

"बांधली."

"मग नको का?"

"नको म्हटलं ना."

तो गेल्यावर पहिल्याच जानेवारीत, पानं नसताना, इसोए इनोमाताला घेऊन वर गेली. मुळं बांधलेलं झाड म्हणजे न्यायला तयार झाड. या धंद्यात त्याला दुसरा अर्थ नाही. इनोमाताने चर उकरला आणि तो खड्ड्यातच उकिडवा बसला.

"वहिनी, हा पेंढा नाही. काथ्या आहे."

"मग?"

"मग काय? काथ्या मातीत वर्षानुवर्षं कुजत नाही. मुळं बाहेर यायला नकोत असं वाटलं तरच कुणी काथ्याने बांधेल. आणि फेरे बघा किती! झाड जगवायला असं बांधतात होय?"

मातीच्या गोळ्याभोवती काळ्या दोरीचे चाळीसेक वेढे होते, आणि वर तीच गाठ. चार पदरांची.

"परत बुजवून टाकू का?" इनोमाताने विचारलं. त्याचा आवाज तिला आवडला नाही. "केन्साकु-सानना काहीतरी वाटलं असेल."

"वाटलं असेल तर सांगायचं होतं. तोंड होतं ना त्यांना? कापा."

इनोमाताने हात मागे घेतले. तेव्हा इसोएने त्याच्या कमरेची कात्री ओढून घेतली आणि स्वतः खड्ड्यात उतरून दोरी कापली. घट्ट पट्टा सोडल्यावर पोट सैलावतं तसा तो गोळा जरासा सैलावला. थंडीतसुद्धा माती कोमट होती.

झाड धरलं. एक पानही न गाळता धरलं. इनोमाता म्हणाला, असं बघितलं नाही कधी. त्यानंतर तो बागेत आला नाही. काही आणलं तर पुढच्या दारातच द्यायचा.

४

दुसऱ्या सकाळी बांधलेला दगड सातव्या पावलावर होता. कोठीचं कुलूप जिथल्या तिथे.

तिने तो उचलून ओढ्यात भिरकावला. तिसऱ्या सकाळी तो सहाव्यावर, ओलाचिंब. चौथ्या सकाळी पाचव्यावर. दरवेळी एक पाऊल घराच्या जवळ, आणि दरवेळी गाठीची टोकं मेपलकडे.

"आई, तूच ठेवत असशील," चिहारु म्हणाली. ती ओटीवर पाय पसरून भाजलेलं रताळं खात होती. "झोपेत चालत असशील. बाबा गेल्यापासून तू जागेपणीही भिंतीशी भांडतेस."

"मी भिंतीशी नाही, तुझ्या बापाशी भांडते."

"तेच ते. ते तेव्हा तरी कुठे उत्तर द्यायचे?"

इसोएला हसू आलं, पण विचार डोक्यात राहिला. त्या संध्याकाळी तिने बुटांच्या तळव्यांना पीठ लावून ठेवलं. सकाळी पीठ तसंच होतं, आणि दगड चौथ्यावर.

बागेत दुसरंही काही बिनसलं होतं. नववा आणि आठवा दगड बोटभर खचले होते. आता सातवा, सहावा, पाचवाही. केन्साकुने बसवलेला दगड वीस वर्षांत हलत नाही अशी त्याची ख्याती, आणि घरच्याच बागेत ही गत! इसोएचा संताप झाला. लोकांना पक्कं काम, बायकोला कच्चं. वाटेकडेचं बारीक गवत तिने स्वतः लावलेलं. ते उजेडाकडे, दक्षिणेला झुकायला हवं. बांधलेल्या दगडाच्या अलीकडे ते तसंच झुकलं होतं. पलीकडचं सगळं मात्र घराकडे लवलं होतं, एकजात, कोणी हात फिरवल्यासारखं.

पाणी जास्त झालं असेल, ती मनाशी म्हणाली. डोंगरावरून वारा खाली येत असेल. पण त्या आठवड्यात वारा पडलेला होता.

नोव्हेंबर ऐन भरात होता. कुंडाशेजारचा मेपल लालभडक झाला, कुंपणाशेजारचा शेंदरी. कोपऱ्यातला हिरवाच राहिला, जूनमध्ये असावा तसा कोवळा.

५

सहाव्या दिवशी तिने मान्य केलं. दगड केन्साकुच ठेवतोय. हे मान्य केल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो निव्वळ राग. तळपायापासून मस्तकापर्यंत.

ती देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली आणि चहा न ठेवताच बोलायला लागली.

"अहो, ऐकताय का? जिवंत होतात तेव्हा नको, मेलात तरी नकोच? मी झाड आणलं म्हणून माझी वाट अडवता? मी माती वाहिली, शेवाळ लावताना माझे गुडघे गेले. तुम्ही काय केलंत? कागदावर रेघा ओढल्यात आणि कलिंगड खात निघून गेलात. आता रोज एक पाऊल पुढे सरकताय. पुढे काय? घरात कोंडणार मला?"

फोटोतला केन्साकु नेहमीसारखा, फोटोग्राफरने फसवून आणल्यासारखा बघत होता.

दगड तिसऱ्यावर आला, तिने उचलला. दुसऱ्यावर आला, उचलला. हट्टाला पेटली की ती ऐकत नसे. एवढ्या एका बाबतीत नवरा-बायको एकमेकांना शोभत होती.

त्या दुपारी चिहारु डुलकी काढून उठली आणि म्हणाली, "आई, मागे कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?"

"बाबा काम संपवून मागून यायचे ना, तसा आवाज आला. दगडावर पाय पडल्याचा. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं." तिने पोटावर हात ठेवला. "हे आत गप्प झालं एकदम. एरवी दुपारी किती लाथा मारतं."

"स्वप्न पडलं असेल."

"असेल. पण बाबा हलके चालायचे गं. हा आवाज जड होता. खाली चिखल दाबल्यासारखा."

इसोएने बागेकडचं दार ओढून घेतलं. उद्या तिचं अंथरूण पुढच्या खोलीत हलवायचं, असं तिने ठरवलं. कारण मात्र स्वतःलाही सांगितलं नाही. सकाळी दगड पहिल्या पावलावर होता. तिने उचलला, आणि चिहारु म्हणाली, मला इथूनच लाल मेपल दिसतो, मी कुठेही जाणार नाही.

६

नवव्या दिवशी तिने वाटेवर पाहिलं. वाट मोकळी होती. नऊच्या नऊ दगडांवर काही नव्हतं. जिंकले, असं तिला वाटलं, आणि अंगणात उतरायला ती ओटीच्या कडेला आली.

ओटीखाली जो मोठा दगड असतो, ज्यावर बूट काढून ठेवायचे, त्यावर तिच्या बुटांच्या शेजारी तो होता. दारापासून एका हातावर. त्याच्या पुढे आता फक्त घर.

तिचं डोकंच फिरलं. खिशात फांद्या छाटायची कात्री होती. ती तशीच पायमोज्यांनिशी खाली उतरली, दगड मांडीवर घेतला आणि दोरी कापली. एक पदर, दुसरा, तिसरा, चौथा.

"घ्या!" ती ओरडली. "बांधा आता परत!"

मोकळा दगड तिच्या मांडीवरून घरंगळला आणि शेवाळात पडला. कापलेली गाठ हातात राहिली. गाठीची दोन टोकं तिच्या बोटांतून अजून ताठ उभी होती, आणि मघाशी दगडावर ती कुठे बघत होती ते तिला आठवलं. बागेकडे. पहिल्या दिवसापासून, दर सकाळी, बागेकडे.

ज्याला अडवायचं त्याच्याकडे गाठीचं तोंड.

नक्कल करणाऱ्याची चूक नव्हती ती. केन्साकुने एवढ्या वर्षांत दगड कधी उलटा ठेवला नव्हता. तो तिला अडवतच नव्हता. आठव्यावर तो अडवून उभा होता, तिने त्याला उचलून बाजूला केलं. सातव्यावर उभा राहिला, तिने ओढ्यात फेकला. एकेक पाऊल मागे हटत तो घरापर्यंत आला होता, आणि ते एकेक पाऊल इसोएने स्वतःच्या हाताने देऊन टाकलं होतं.

"मग सांगायचं होतंत ना," ती म्हणाली. आधी हळू, मग घसा फाटेपर्यंत. "सांगायचं होतंत! एकदा तोंड उघडून सांगितलं असतंत तर मी काय ऐकलं नसतं? काथ्याने बांधता येतं, गाठ घालता येते, दोन शब्द बोलता येत नाहीत?"

शेवाळात कुठेतरी पाणी हललं. तिने मान वर केली.

पहिला दगड, तिच्यापासून दोन हातांवरचा, सपाट आणि रिकामा होता. त्यावर ऊन पडलं होतं. ती बघत असताना तो सावकाश खाली गेला. बोटभर. त्याच्या कडेने गढूळ पाणी वर आलं आणि शेवाळावर पसरलं. जडशा माणसाने दगडावर जपून पाऊल टाकावं तसं. दगडाच्या दोन्ही बाजूंचं गवत दक्षिणेकडून वळलं आणि घराकडे लवलं.

कोपऱ्यातला हिरवा मेपल अगदी स्तब्ध होता.

७

तिच्या एप्रनच्या खिशात कुंपण बांधायला आणलेली काळ्या काथ्याची नवी गुंडी होती. तिने शेवाळातला दगड ओढून घेतला आणि बांधायला बसली. एक आडवा वेढा, एक उभा. दोरी कोरडी, बोटांना चावत होती. भिजवायला वेळ नव्हता, आणि अडतीस वर्षांत तिच्या हातांना तेवढं एकच येत होतं, भिजवणं. तिसरा पदर खालून घ्यायचा की वरून? त्याचे हात तिला दिसत होते, गाठ दिसत होती, मधलं काही दिसत नव्हतं. दगड निसटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती त्याला शिव्या देत होती. आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या अशा.

मागे दार हातभर सरकलं.

"आई?" चिहारुचा आवाज दबलेला होता. "मला वाटतं, कळा सुरू झाल्या. कुणाशी बोलतेयस तू?"

"इनोमाताला फोन कर. गाडी पुढच्या दाराशी घेऊन ये म्हणावं, तो येईल. दवाखान्याची पिशवी पुढेच ठेवलीय. जा."

"आणि तू?"

इसोए बूट काढायच्या दगडावर नीट बसली, पाठ घराकडे, तोंड बागेकडे. गुंडी सोडून तिने दोरी स्वतःच्या कमरेभोवती घेतली. एक वेढा, दुसरा, एक खांद्यावरून. त्याची गाठ तिला येत नव्हती. मग तिने तिला येत होती ती घातली. रोज सकाळी नवऱ्याच्या डब्याच्या फडक्याला मारायची ती, साधी, घट्ट. त्या गाठीलाही वर दोन टोकं राहतात. तिने ती ओढून ताठ केली आणि पुढे, वाटेकडे वळवली.

पहिला दगड आणखी थोडा खचला, आणि थांबला.

"आई, आत ये ना. मला भीती वाटतेय," चिहारु म्हणाली. दार आणखी सरकल्याचा आवाज आला. "थांब, मीच येते बाहेर."

"नको."

"का?"

इसोएने तोंड उघडलं. समोरचं गवत घराकडे लवून उभं होतं. गढूळ पाणी तिच्या पायांपर्यंत आलं होतं आणि ते कोमट होतं. सांगायचं तर काय सांगायचं, आणि कुठल्या शब्दांत?

"नको म्हटलं ना," ती म्हणाली. "दार लावून घे."